एका घराची जुळणी

एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा पहिल्याच दिवशी एक पत्रक निघतं. दोन्ही उत्पादनं पूर्वीसारखीच चालू राहतील, ग्राहकांनी निर्धास्त असावं, असं त्यात लिहिलेलं असतं. धंद्यात मुरलेली माणसं ते वाचून निर्धास्त होत नाहीत. ती खणातलं सामान पिशवीत भरायला घेतात. लग्नात मुलाची आई 'तुमची मुलगी ती आमचीच मुलगी' असं म्हणते, तेवढाच या पत्रकाचा भरवसा, असं केतकी उमाठे ऑफिसातल्या नव्या मंडळींना सांगायची. तिने स्वतःच अशी बरीच पत्रकं लिहिली होती.

'स्मरणी'ने 'गाठोडं' विकत घेतलं त्याचं पत्रकही तिनेच लिहिलं. नागपुरात मिहानच्या चकचकीत इमारतीत बसून, चहा गार व्हायच्या आत. पाठवून दिल्यावर मात्र ती पडद्याकडे बघत नुसती बसून राहिली. कारण घरी जेवणाच्या टेबलावर, एका पितळी वाटीत, तिच्या नवऱ्याचं गाठोडं ठेवलेलं होतं. नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

स्मरणी काय आणि गाठोडं काय, दोन्ही म्हणजे गळ्यात घालायचा सुपारीएवढा मणी. माणूस दिवसभर जे बोलतो आणि ऐकतो ते हा मणी ऐकतो. पहाटे, माणूस झोपेत असताना, त्यातलं महत्त्वाचं तेवढं ठेवतो आणि बाकीचा आवाज पुसून टाकतो. ठेवतो म्हणजे रोजनिशी लिहितो असं नाही. आकड्यांचं एक अवाढव्य जाळं असतं. रोजच्या अनुभवाने त्यातले आकडे किंचित सरकतात. वर्षानुवर्षं असे सरकता सरकता त्या जाळ्याला त्या माणसाचं वळण पडतं. मग किल्ल्या कुठे राहिल्या आणि डॉक्टर काय म्हणाले हे तर ते सांगतंच, पण मालकाच्या आवाजात, मालकाच्या तऱ्हेने गप्पाही मारतं. सुरुवातीला लोकांनी हे मणी गंमत म्हणून घेतले, मग विसराळूपणावर उपाय म्हणून. पुढे एकेक माणूस जायला लागलं, आणि मागे राहिलेल्यांच्या लक्षात आलं की मणी अजून बोलतोय.

केतकीच्या गळ्यात अर्थातच स्वतःच्या कंपनीची स्मरणी होती. प्रफुल्ल पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. त्याने हट्टाने समोरच्या कंपनीचं गाठोडं घेतलं. "तुमचा मणी घातला तर मी घरी काय बोलून राहिलो ते तू ऑफिसात ऐकशील," तो म्हणाला होता. कंपनीच्या स्नेहसंमेलनातही तो प्रतिस्पर्ध्याचा मणी मिरवत हिंडायचा आणि केतकी त्याला दंडाला धरून कोपऱ्यात न्यायची.

ती मूळची साताऱ्याची, तो अस्सल नागपूरचा. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच, त्यामुळे वाद घालायला तिसरं कुणी मिळायचं नाही. वरणात गूळ घालावा की नाही इथपासून कुठल्याही गोष्टीवर त्यांचं जमत नसे. तो गेल्यावरही यात खंड पडला नव्हता. संध्याकाळी ती जेवायला बसली की वाटीतलं गाठोडंही बसायचं.

"उमरेडच्या रस्त्यावर काल वाघ दिसला म्हणे लोकांना," तिने पोळीचा तुकडा मोडत म्हटलं.

"मग? आपल्याला नव्हता का दिसला?"

"ती गाय होती, प्रफुल्ल."

"वाघ होता. पट्टे पाहिले मी."

"उतरतं ऊन होतं. झाडाच्या सावल्या पडल्या होत्या गाईच्या अंगावर."

"तू होती का तिथं?"

"तुझ्या शेजारी बसले होते मी!"

"बसली होती. पण मोबाइलमध्ये होती. तिथं कुठं होती?"

ही लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तेव्हापासून हा वाघ त्यांच्या घरात मुक्कामाला होता. 'तू होती का तिथं?' हे प्रफुल्लचं हुकमाचं पान. ती असली तरी तो ते टाकायचा, नसली तरी टाकायचा. पूर्वी या वाक्याने तिचं डोकं उठायचं. आता ते ऐकायला मिळावं म्हणून ती मुद्दाम वाघाचा विषय काढत असे. मग भांडी घासायला उठताना तिला थोडं बरं वाटायचं.

एकाच कामाची दोन उत्पादनं एका घरात आली की कंपनीपुढे तीन वाटा असतात. दोन्ही चालू ठेवायची. पण मग दोन चुली पेटत्या ठेवाव्या लागतात. एक बंद करायचं. पण त्याचे ग्राहक रुसून तिसऱ्याकडे जातात. किंवा दोन्ही एकात मिसळायची, आणि मिसळताना कुणाचं काय सांडलं ते कुणाला कळू द्यायचं नाही. स्मरणीने तिसरी वाट धरली.

ती सोपी नव्हती. दोन्ही मण्यांची जाळी वेगवेगळ्या पद्धतीने विणलेली, एकातले आकडे उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाहीत. गाठोड्याची मुख्य इंजिनिअर अश्लेषा डोंगरे आता केतकीच्या हाताखाली आली होती. हुशार, अमरावतीची, आणि आपली कंपनी गेल्याच्या दुःखात रोज काळे कपडे घालून येणारी. तिने उपाय काढला शिकवणीचा. जुन्या जाळ्याला लाखो प्रश्न विचारायचे, ते काय उत्तरं देतं ते नव्या कोऱ्या जाळ्याने ऐकायचं आणि हुबेहूब तसंच उत्तर देईपर्यंत घोकायचं. गुरूची विद्या शिष्यात उतरली की गुरूला निरोप.

त्यावर केतकीने आपला नियम बसवला, जुळणीचा. कितीतरी घरांत एकाकडे स्मरणी होती आणि दुसऱ्याकडे गाठोडं. सिलेंडर कधी आला हे विचारलं तर नवऱ्याचा मणी सोमवार सांगे, बायकोचा बुधवार. शिवाय एकच प्रसंग दोन ठिकाणी सांभाळायचा म्हणजे दुप्पट यंत्रं, दुप्पट वीज. म्हणून नियम असा: एका घरातला एक प्रसंग एकदाच ठेवायचा. दोघांपैकी ज्याच्या मण्यात तो अधिक ठळक, त्याचा ठेवायचा, आणि दुसऱ्याच्या मण्याला तोच शिकवायचा. दर पहाटे ही जुळणी चालायची. नियम तिने सिलेंडर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता आणि सिलेंडरपुरता तो उत्तम होता.

राहता राहिली मौन खाती, म्हणजे ज्यांचे मालक आता नाहीत ती. त्यांची शिकवणी घ्यायची नाही असं वरून ठरलं. फक्त एक सवलत होती. घरातल्या जिवंत माणसाच्या खात्याशी ते खातं जोडलं तर ते तरून जाईल.

केतकीने त्याच दिवशी दोन खाती जोडायला सांगितली. अश्लेषा तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, जोडलं की जुळणी लागते."

"लागू दे."

"नाही, मी म्हणून राहिली होती की तुमचं आणि सरांचं खातं मोठं आहे. बरंच काही जुळेल."

केतकी हसली. "अगं, आमचं आयुष्यात एका गोष्टीत जुळलं नाही. ज्योतिषाला जमलं नाही ते तुझ्या मशीनला काय जमणार?"

न जोडलं तर सर पुढच्या महिन्यात पूर्ण जातील, हे दोघींनाही ठाऊक होतं. विचार करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

शिकवणी झाली, जुळणी झाली. गाठोड्याची जुनी यंत्रं बंद झाली आणि त्या संध्याकाळी अश्लेषाने सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. तेराव्याचं जेवण, असं ती म्हणाली, आणि कुणी हसलं नाही.

केतकी घरी आली. हातपाय न धुताच टेबलाशी बसली.

"आहेस का रे?"

"आहे ना. कुठं जातो?"

तोच आवाज, तोच जडसर 'ठ'. तिला इतकं हायसं वाटलं की तिने फ्रिजमधून श्रीखंड काढलं. ऑफिसातल्या गमती सांगितल्या. तो ऐकत होता, हुंकार देत होता. मग तिने नेहमीचा मोहरा पुढे सरकवला.

"उमरेडला आपल्याला दिसली ती गायच होती, बरं का."

"हो," प्रफुल्ल म्हणाला. "उतरतं ऊन होतं. सावल्या पडल्या होत्या अंगावर. तुझंच बरोबर होतं."

केतकीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तिने वरणातल्या गुळाचं विचारलं. गूळ हवाच, तो म्हणाला. तिच्या आईशी त्याचं वाजलं होतं ते विचारलं. आईंचा काही दोष नव्हता, माझंच चुकलं, तो म्हणाला. लग्नाच्या दिवशी वरात उशिरा आली ती त्याच्या मामांमुळे, हेही त्याने कबूल केलं. हयातभर तिने जे जे त्याच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली होती ते सगळं तो त्या संध्याकाळी मुकाट बोलला. तिने श्रीखंडाची वाटी झाकून ठेवली. घरात आपण एकट्याच आहोत, हे तो गेला त्या दिवशीही तिला इतकं स्पष्ट जाणवलं नव्हतं.

चूक तिच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही, कारण नियम तिचाच होता. ती धरून चालली होती की दोघांची मतं पटत नाहीत म्हणजे काही जुळणार नाही. यंत्राला मतांशी देणंघेणं नव्हतं. ते प्रसंग बघत होतं. एक रस्ता, एक गाडी, एक जनावर, दोन माणसं: जुळलं. मग ठळक कुणाचं? ती बडबडी. दिवसभराचं सगळं संध्याकाळी स्मरणीला पुन्हा सांगायची तिला सवय. प्रफुल्ल तीन शब्दांत आटपणारा. प्रत्येक ठिकाणी तीच जिंकली.

"परत नाही का करता येणार?" तिने अश्लेषाला विचारलं.

"कशावरून करू, मॅडम? जुनं जाळं नाही आता."

"मग खाती सोडव."

"सोडवली की ते मौन खातं होते. पहाटेच्या सफाईत जाईन. पण सगळंच नाही गेलं. तुम्ही जिथं नव्हत्या ते जुळायचा प्रश्नच नाही. ते सरांचंच आहे, जसंच्या तसं."

हे केतकीला सुचलं नव्हतं. प्रफुल्ल महिन्यातले कितीतरी दिवस भंडाऱ्याकडे कालव्याच्या कामावर असायचा. तिकडे तो काय करतो हे तिने फारसं विचारलं नव्हतं, त्याने फारसं सांगितलं नव्हतं. काम असतं, इतकंच.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "साइटवर संध्याकाळचा काय करायचास रे?"



"पोहायला शिकलो," तो म्हणाला.

"तू?"

"मग काय! पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर अन् गुडघाभर पाण्यात हातपाय गाळते, लोक हसून राहिले होते. तिथल्या चौकीदारानं शिकवलं. पोटाला प्लास्टिकचा डबा बांधून. पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, अन् डबा बांधून पाण्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पाहायला आली असती ना. अन् फोटो काढले असते."

ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हाच तो. हा तिचा नव्हता, पूर्णपणे त्याचा होता. आनंदाच्या भरात तिने ही गोष्ट दुसऱ्या दिवशी अश्लेषाला सांगितली, शेजारच्या बाईंना सांगितली, आणि सवयीप्रमाणे संध्याकाळी स्मरणीलाही सांगितली, रंगवून.

त्यानंतरच्या दिवशी तिला ती पुन्हा ऐकाविशी वाटली.

"ते पोहण्याचं सांग ना."

"मी पंचेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलो," प्रफुल्ल म्हणाला. "पोटाला चक्क डबा बांधून! इतकं हसू येतं ना आठवलं की."

चक्क. हा शब्द प्रफुल्लने उभ्या जन्मात वापरला नव्हता. तो तिचा होता. चौकीदार गेला होता, घोडा गेला होता, लोक हसून राहिले होते तेही गेलं होतं. तिने ऐकलं, तिच्या मण्याने ऐकलं, प्रसंग दोघांचा झाला, आणि पहाटे नेहमीप्रमाणे तीच जिंकली. आता तो जे जे तिला सांगेल ते ते त्याच्याकडून जाणार होतं. विचारलं तर तो संपणार, न विचारलं तर वाटीत नुसता पडून राहणार.

तिने नियम बदलायचा प्रयत्न केला. पुण्याच्या बैठकीत तिने शांतपणे मुद्दा मांडला की एका प्रसंगाच्या दोन बाजू दोघांकडे राहू द्याव्यात. तिचा साहेब, नचिकेत, तिच्याहून बराच तरुण. त्याने कौतुकाने मान हलवली.

"केतकी, तुझ्या जुळणीने काय केलंय तुला माहितीये का? आपल्याकडे घरगुती वादांच्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्यात. लोकांची पत्रं येतात, आमचं आता पटायला लागलंय म्हणून. जाहिरातीत तेच वाक्य घेतोय आपण. घरोघरी एकमत!"

"पण नचिकेत, त्यातलं एकाचंच मत राहतंय."

"दुसऱ्याला त्रास होतोय का? तो तर म्हणतोय, माझंही हेच मत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला फुलांचा गुच्छ दिला. परतीच्या विमानात गुच्छ मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली दिवे लागलेली घरं होती, आणि त्या प्रत्येक घरात आता एकेकच माणूस राहतंय असं तिला वाटलं. या गोष्टीचा तिला मनापासून राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, कारण नियमावर सही तिची होती.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना केतकीने गळ्यातली स्मरणी काढली आणि टेबलाच्या खणात ठेवली. अश्लेषाने बघितलं.

"मॅडम, विसरल्या तुम्ही."

"नाही विसरले."

अश्लेषाला समजलं असावं. ती फक्त एवढंच म्हणाली, "सवय राहिली नसते, बरं का. आपलं आपण लक्षात ठेवायची."

ते खरंच होतं. बारा-पंधरा वर्षं मण्याने आठवण ठेवली होती, केतकीचं स्वतःचं डोकं आयतं खायला सोकावलं होतं. फाटकापाशी तिला कुलपाचा आकडा आठवेना, वॉचमनने उघडून दिलं. दूध आणायचं होतं की काल आणलं होतं, काही केल्या आठवेना. आज प्रफुल्ल जे सांगेल त्यातलं निम्मं आपण सोमवारपर्यंत विसरू, आठवड्यात आणखी निम्मं, आणि ते विचारायला दुसरं कुणी असणार नाही, हे तिला जिना चढताना कळत होतं. पण मग ते त्याच्याकडे राहील. विसरले तर पुन्हा विचारता येईल.

तिने दिवा लावला. स्वयंपाक केला नाही, नुसता चहा केला. पितळी वाटी जवळ ओढून बसली. मोकळ्या गळ्याला उगाचच गार लागत होतं.

"प्रफुल्ल."

"काय?"

काय विचारावं ते तिने वाटेत ठरवलं होतं, आणि वाटेत विसरू नये म्हणून पुटपुटतही आली होती.

"मी नसताना कधी वाघ दिसला का रे तुला?"



"दिसला ना," तो म्हणाला. "कालव्यावर. पाणी पिऊन राहिला होता. इतका जवळ, की त्याची जीभ दिसून राहिली होती मला."

"कधी बोलला नाहीस."

"बोलून काय करू? तू गाय म्हटलं असतं."

केतकीने चहाचा कप खाली ठेवला.

"गायच असेल."

"तू होती का तिथं?"

तिने दोन्ही तळहात त्या वाटीभोवती धरले.

"नव्हते रे," ती म्हणाली. "मी नव्हते तिथे. सांग."